बांध जिथल्या तिथं

१७ नोव्हें., रवि.

हजर: मोठे ४, कुत्रा १. आहार: चहा, पोहे. कुत्र्याला दूध.

अंगणवाडी सोडून दोन वर्षं झाली तरी हजेरी आणि आहार लिहिल्याशिवाय हाताला चैन नाही. तेव्हा पोरांची लिहायचे, आता गिऱ्हाइकांची. शेत विकायला काढलंय. मुरबाडचा एजंट बबन दर रविवारी कुणाला तरी गाडीत घालून आणतो आणि चहा माझ्या माथी. तक्रार नाही. आवडतं मला. नवी माणसं, नवे प्रश्न. आजची एक बाई विचारत होती, इथे साप आहेत का. म्हटलं, आहेत, पण ते विकायचे नाहीत.

बबननं ऐनाच्या झाडावर बोर्ड ठोकलाय. "जमीन विकणे आहे. लेक व्ह्यू." लेक म्हणजे काय, तर गावच्या म्हशी डुंबतात ते डबकं! झापला त्याला. तर म्हणतो, "काकू, पाणी दिसलं की लेकच."

गिऱ्हाईक म्हणालं, स्टेशन किती लांब? बबन म्हणाला, इथंच, जवळ. हे मध्येच, "मुरबाडला स्टेशनच नाय. आसनगाव धरा नायतर कल्याण. जीप मिळाली तर बरा, नायतर फाट्यावर उभे ऱ्हावा." तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला रस्त्याबद्दल खोटं ऐकवतच नाही. बबनचं तोंड एवढंसं झालं.


२१ नोव्हें., गुरु.

वाल पेरून झाला. ह्यांचा गुडघा परत सुजला. त्यासाठीच तर विकतोय. निलेश वाशिंदला कंपनीत आहे, म्हणतो तुम्ही दोघं इकडे या, शेत विकून जरा मोठं घर घेऊ, सगळे एकत्र राहू. सर्वात आधी हो मीच म्हटलं. खोटं कशाला लिहू? घरात नळ, लिफ्ट, शेण नाही, चिखल नाही. अर्धं आयुष्य लोकांच्या पोरांची नाकं पुसली. आता बाकावर बसून गप्पा मारायच्यात.

संध्याकाळी गोदी गोठ्यात म्हशीला सांगत होती, "चंद्रे, आज बाजूला वाल पेरला गो. उशीर केलान जरा."

मी कोंबड्यांना म्हटलं, "पेरणाऱ्याचा गुडघा दुखतोय, म्हणून उशीर."

"तेल चोळाय सांग त्यांना. करंजाचा."

हे लिहून ठेवते, नाहीतर पुढे मागे वाचून मलाच वाटेल डोकं फिरलं होतं. गोदी शेजारीण. एकाच वर्षी लग्न होऊन आलो, घराला घर, शेताला शेत. नऊ वर्षांमागे ह्यांचं आणि तिच्या नवऱ्याचं, दामूभाऊजींचं, मधल्या बांधावरून वाजलं. हे म्हणाले, दामूनं नांगर घालून हातभर बांध कोरला. दामूभाऊजी म्हणाले, कोरला असेल तर हात झडेल माझा. दोन्ही घरांचं बोलणं बंद. आम्हा दोघींना तर शपथ घातली, एकमेकींशी शब्द बोलायचा नाही. म्हशीशी बोलायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून चंद्री म्हैस आणि माझ्या कोंबड्या. चंद्रीच्या आधी तिची आई होती. बाळंतपणं, दुखणी, सुनांच्या कागाळ्या, सगळं जनावरांच्या कानावर घालून झालं. फक्त बांध ओसाड राहिला. आधी त्यावर तूर लावायचो, ती तिकडून, मी इकडून. नऊ वर्षांत एक झाड नाही.


२४ नोव्हें., रवि.

हजर: २. आहार: चहा, भाकरी, वांग्याचं भरीत (मागून घेतलं!).

डोंबिवलीचं जोडपं. दोघं निवृत्त. बाईंनी चपला काढल्या आणि थेट बांधावर जाऊन बसल्या. लेक कुठे आहे विचारलं नाही की स्टेशन विचारलं नाही. धानाची एक लोंबी राहिली होती ती हातावर चोळून दाणे खाल्ले. मला आवडल्या. जाताना म्हणाल्या, "आम्हाला पसंत आहे. तेवढी सरकारी मोजणी करून घ्या, म्हणजे पुढे कटकट तुम्हाला नको आणि आम्हाला नको."

बबन वाटेपर्यंत नाचत गेला. मी पण खूश. मग भांडी घासताना तेच ताट तीनदा घासलं. का कोण जाणे. भूक असेल. भरीत सगळं संपलं होतं.


१ डिसें., रवि.

वाशिंदला गेलो होतो. निलेशनं बघून ठेवलेली इमारत दाखवली. लिफ्टमधून तीनदा वरखाली केलं. सूनबाई हसत होती, "आई, पुरे!" नळ सोडला की पाणी. शेजारच्या बाई छान आहेत, लसणाची चटणी दिली, खिडकीशी उभं राहून हात करतात. मला सगळं आवडलं. हे मात्र गॅलरीत उभे राहून खाली रिक्षावाला कसा चुकीचा वळतोय ते सांगत होते.

परत आल्यावर चंद्रीला सगळं ऐकायचं होतं. लिफ्टचं सांगितलं. नळाचं सांगितलं. नळाचं सांगेपर्यंत गोदी गोठ्याचं दार ओढून घरात गेली होती.


९ डिसें., सोम.

मोजणीची नोटीस आली. लागून शेत असणाऱ्यालाही ती जाते, म्हणजे दामूभाऊजींना. सकाळी कागद, दुपारी धिंगाणा. अंगणात उभे राहून आभाळाकडे बघत ओरडत होते, "मोजा! मोजा म्हणावा! हातभर बांध कोणी कोरला ता सरकार सांगल!" हे आपल्या अंगणातून, तेही आभाळाकडे बघून, "सांगल, सांगल! त्याच्यासाठीच बोलावलाय!"

साठी उलटलेले दोघे. अंगणवाडीत असते तर कोपऱ्यात उभं केलं असतं.

गोदी चंद्रीला, "ही मोजणी कशाला गो? विकून जायला. जाणार ती." बादली एवढ्या जोरात आपटली की कोंबड्या उडाल्या.


१८ डिसें., बुध.

हजर: अख्खा गाव. आहार: चहाच्या दोन किटल्या, शेवटी पाणी घालून घालून.

हसू अजून थांबत नाही. सगळं नीट लिहिते.

मोजणीला एक मुलगी आली होती. पंचविशीची असेल, डोक्यावर टोपी, हातात काठीवर बसवलेलं यंत्र. आमचे हे इस्त्रीचा शर्ट घालून. पलीकडून दामूभाऊजी पांढरी टोपी घालून, पुरावा म्हणून नांगराचा जुना फाळ घेऊन आले होते. तो कशाला, देव जाणे. मध्ये बांध.

मुलगी आमच्या शेतातून फिरली. मग त्यांच्या. मग परत आमच्या. हातातल्या पडद्यावर बघते, कपाळाला आठ्या. परत फिरली. मी म्हटलं, झालं काहीतरी.

"काका, तुमचा गट नंबर कुठला म्हणालात?"

ह्यांनी सांगितला. पाठ आहे, झोपेतून उठवून विचारा.

"तो हा नाही. तो पलीकडचा."

"पलीकडचा म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या नावावरचं शेत ते. आणि तुम्ही कसता ते ह्या काकांच्या नावावर आहे." तिनं दामूभाऊजींकडे बोट केलं.

ती बिचारी समजावत होती, पूर्वी गट पाडले तेव्हा नंबर उलटे लागले असतील, बऱ्याच गावांत निघतं असं, घाबरू नका. तुमचे आजोबाही असंच कसत आले असणार.

दामूभाऊजींना आजोबांचं काही पडलेलं नव्हतं. "ता ऱ्हावदे. बांध कोणी कोरला ता सांगा."

"बांध?" तिनं परत पाहिलं. "बांध बरोबर आहे. नकाशात आहे तिथंच आहे. बोटभर पण हललेला नाही."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षं! दामूभाऊजी आमच्या बाजूला सरकले म्हणून भांडण. आणि आमची बाजू म्हणजे कागदावर त्यांचीच. ह्यांनी नऊ वर्षं दामूभाऊजींची जमीन दामूभाऊजींपासून राखली! आणि कोरलेलं तर काहीच नव्हतं.

पहिली हसली गोदी. आधी पदर तोंडात कोंबला, मग कोंबलेला पदर बाहेर आला आणि ती बांधावर मटकन बसलीच. मला ते बघून. मी पण बसले. दोघी पोट धरून, डोळ्यांतून पाणी, गाव बघतोय, ती मुलगी बघतेय. "अगो बाय, अगो बाय," एवढंच गोदीला म्हणता येत होतं.

दामूभाऊजी फाळ हातात धरून उभे. "म्हंजे मी जन्मभर ह्याच्या शेतात राबलो?"

हे म्हणाले, "आन् मी तुझ्या."

मग ह्यांनी खिसे चाचपले. "दामू, तंबाखू हाय का?"

नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. दामूभाऊजींनी डबी काढली. चुना ह्यांच्याकडे होता.


१९ डिसें., गुरु.

आता बोलायला मोकळीक. सकाळी गोदी परड्यात आली, मी पण गेले. समोरासमोर. मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे. मेलं, जीभ आतच! ती म्हणाली, "हं." मी म्हटलं, "हं." मग ती गोठ्यात गेली आणि चंद्रीला सगळं भडाभडा सांगितलं, काल रात्री दामूभाऊजी झोपेत पण हसले म्हणून. मी कोंबड्यांना आमच्याकडचं सांगितलं. बरं वाटलं.


२७ डिसें., शुक्र.

घोळ आहे. बबन डोक्याला हात लावून बसलाय. डोंबिवलीकरांना पसंत आहे ते शेत कागदावर दामूभाऊजींचं. आपल्या नावावर आहे ते दामूभाऊजी कसतात. विकायचं तर आधी दोघांनी अदलाबदलीचा दस्त करायचा, ज्याच्या हातात जे, ते त्याच्या नावावर. सरकारची तशी सोय आहे म्हणे, दोघांची राजीखुशी हवी फक्त.

हे म्हणाले, दामू काय, आत्ता सही देईल. रोज तिन्हीसांजेला दोघं ओट्यावर बसतात आता, नऊ वर्षांचं साठलेलं बोलतात. पण सहीचं काढलं की दामूभाऊजी गुरांचं काढतात. आज कारण कळलं. गोदी मला ऐकू जाईल अशी चंद्रीला म्हणाली, "आमच्यांना बजावलाय मी. सही करायची नाय. सही झाली की ती विकणार, विकली की जाणार. आता कुठं भांडण मिटलाय. बस म्हणावा इथंच."

एवढा राग आला मला! माझं शेत, माझा मुलगा, माझी लिफ्ट. कोंबड्यांना खडसावून सांगितलं, "दुसऱ्याला असं अडवून धरणं बरं नव्हे."

चंद्रीनं रवंथ केलं. गोदी आत निघून गेली.

रागावले खरी. पण आपल्याला कुणीतरी असं अडवून धरतंय, हे आठवून भाकऱ्या थापताना हसायलाच येत होतं.


१५ जाने., बुध.

म्हसा गावची जत्रा. चौघं एका जीपमध्ये, मांडीवर मांडी. पुढे ह्यांनी ड्रायव्हरला वळणावळणावर शिकवलं, शेवटी तो म्हणाला, "काका, तुमीच चालवा." चालवायला तयार होते!

पुरुष बैलबाजारात. आम्ही दोघी घोंगड्या बघितल्या, बांगड्या भरल्या, जिलबी खाल्ली. आहार म्हणून लिहिण्यासारखं खूप आहे, पण डॉक्टरांनी ही वही बघितली तर? तरीही गोदी सरळ बोलत नव्हती. "हं", "ही बघ", "चल" एवढंच. मनात काहीतरी खदखदतंय हे दिसत होतं. आणि चंद्री तर घरी.

बैलांच्या रांगेत आलो तेव्हा ती एकदम थांबली. एक भला थोरला पांढरा बैल, शिंगं रंगवलेली. गोदी त्याच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐक रे बाबा. सही करायला सांगितलीय मी आमच्यांना. धरून ठेवलेला माणूस काय कामाचा? जायचा तर जाव दे तिला. नळ हाय, लिफ्ट हाय. मी काय, मी ऱ्हाईन चंद्रीसंगं."

बैलाचा मालक बघतच राहिला. "मावशी, बैल घ्यायचाय का?"

"नाय रे. बोलायचा होता."

डोळे भरून आले आणि हसूही फुटलं, दोन्ही एकदमच. मी बैलाला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तिचा हात धरला आणि गर्दीतून बाहेर आणली.

येताना दोघींनी एकसारख्या घोंगड्या घेतल्या.


१२ फेब्रु., बुध.

दस्त झाला. मुरबाडला कचेरीत चौघं. दामूभाऊजींनी सही करताना जीभ बाहेर काढली होती, माझ्या पोरांसारखी. झाल्यावर दोघांनी हात मिळवले आणि मग कुणाला काय करायचं कळेना म्हणून परत मिळवले. बाहेर उसाचा रस.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. ह्यांनी मागच्या महिन्यातच तलाठ्याकडे अर्ज दिला होता. नवीन सातबारा निघेल तो ह्यांच्या आणि माझ्या, दोघांच्या नावानं. कचेरीतून बाहेर आल्यावर सांगितलं, तेही रस पिता पिता. म्हटलं, मला विचारलं का नाही? तर म्हणाले, "इचारला असता तर नको बोल्ली असतीस."

खरंय. बोल्ले असते.

तीस वर्षं अकरा रजिस्टरं भरली मी. गावातल्या प्रत्येक पोराचं नाव, वजन, लस. माझं नाव कुठल्या सरकारी कागदावर जमिनीच्या समोर येईल असं कधी वाटलं नव्हतं. रस्ताभर मनातल्या मनात वाचत आले. सुमन अमुक अमुक. परत परत.


२० फेब्रु., गुरु.

बबन येऊन गेला. आता कागद इतके स्वच्छ की कुणीही डोळे मिटून घेईल. डोंबिवलीकर रविवारी विसाराचे पैसे घेऊन येतो म्हणतात. फोनवर बाई इतक्या आनंदात होत्या. बांध तसाच ठेवणार, त्यावर बसायला.

हे म्हणाले, "मला इचारू नको. अर्धा नाव तुझा हाय. तू सांगशील ता."

"तुमच्या गुडघ्याचं काय?"

"गुडघा तिकडं पण दुखंल."

निलेशला फोन केला. तो म्हणाला, "आई, तुला काय हवंय ते कर. घर काय, दोन वर्षांनी पण घेता येईल. पण तू ये गं अधूनमधून लिफ्टमध्ये बसायला." गुणी आहे मुलगा. सगळे इतके गुणी झालेत की रागवायला कुणी सापडत नाही आणि ठरवायचं मलाच.


२२ फेब्रु., शनि.

उद्या रविवार. संध्याकाळपर्यंत डोंबिवलीला फोन करायचा, या किंवा नका येऊ. फोन कमरेला खोचून दिवसभर फिरले. कोंबड्यांचं खुराडं झाडलं. उगाच दोनदा झाडलं.

उन्हं उतरताना शेतावर गेले. वाल शेंगांनी लगडलाय. ऐनावरचा बबनचा बोर्ड वाऱ्यानं तिरका झालाय, "लेक व्ह्यू" आभाळाकडे बघतोय. बांधावर जाऊन बसले, डोंबिवलीच्या बाई बसल्या होत्या तिथंच. छान जागा आहे, त्यांची पसंती चूक नव्हती.

गोदी चंद्रीला पाण्यावरून घेऊन येत होती. मला बघून थांबली. चंद्रीच्या मानेवर हात ठेवला, पाठमोरी उभी राहिली आणि तिच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू येईल असं,

"चंद्रे, इचार गो तिला. यंदाच्या पावसाला बांधावर तूर दोघींनी लावायची, का मी एकलीनं?"

माझ्या कोंबड्या घरी. उत्तर द्यायला जवळ कुणी नाही. मी उठले, साडीची माती झटकली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडे बघून विचारलं,

"गोदे, बी किती आहे तुझ्याकडे?"

ती वळली. आधी चंद्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ओंजळभर असंल, सुमे. तू बघ निवडून."

घरी येऊन दोघी तिच्या ओट्यावर सूप घेऊन बसलो. किडकं एकीकडे, चांगलं एकीकडे. फोन अजून कमरेलाच आहे, केलेला नाही; 'नका येऊ' एवढंच सांगायचंय, ही वही मिटली की करते.

हजर: २.